इंग्रजी काळ आणि मराठी वळण

इंग्रजी क्रियापदांचे काळ शिकवताना बहुतेक पुस्तके बारा घरांचा तक्ता देतात. वर्तमान, भूत आणि भविष्य हे तीन काळ, आणि प्रत्येकाचे साधा, चालू, पूर्ण व पूर्ण-चालू असे चार प्रकार. हा तक्ता रूपे पाठ करायला उपयोगी आहे. पण तो घडाघडा म्हणून दाखवणारा विद्यार्थीही ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ असे लिहून जातो, कारण कोणते रूप कधी वापरायचे हे तक्त्यातून कळत नाही. मराठी भाषकाची अडचण आणखी एका कारणाने वाढते. साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती हे प्रकार मराठी व्याकरणातही आहेत. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथापासून शालेय पुस्तकांपर्यंत काळांची चर्चा सतत होत आली आहे. त्यामुळे इंग्रजीतला ‘प्रेझेंट परफेक्ट’ म्हणजे आपला पूर्ण वर्तमानकाळ, असे समीकरण मनात पक्के बसते. नावे जुळतात, पण दोन्ही भाषांनी हद्दी वेगवेगळ्या ठिकाणी आखल्या आहेत. बहुतेक चुका होतात त्या या हद्दींच्या मधल्या पट्ट्यात.

रूपापुरते पाहिले तर इंग्रजी क्रियापदाला दोनच काळ आहेत: वर्तमान आणि भूत. ‘वॉक’चे ‘वॉक्ट’ होते, ‘सिंग’चे ‘सँग’ होते. पण मराठीत ‘जाईन’, ‘करील’ यांना जसे स्वतंत्र भविष्यकाळी प्रत्यय आहेत तसे इंग्रजीत नाहीत. तिथे ‘विल’सारख्या सहायक क्रियापदाची मदत घ्यावी लागते. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजीच्या मोठ्या व्याकरणातही हीच भूमिका आहे. शाळेत भविष्यकाळ शिकवू नये असा याचा अर्थ नव्हे. मात्र एक गोष्ट यातून स्पष्ट होते. ‘काळ’ या नावाखाली इंग्रजी क्रियापद दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असते. क्रिया केव्हाची, हा पहिला प्रश्न. बोलणारा तिच्याकडे कसा पाहतो, म्हणजे अखंड घटना म्हणून, चालू असलेली म्हणून, की होऊन गेलेली पण आताशी जोडलेली म्हणून, हा दुसरा. मराठी विद्यार्थी पहिल्या प्रश्नात सहसा चुकत नाही. तो दुसऱ्यात चुकतो.

साध्या वर्तमानकाळाचे नाव फसवे आहे. इंग्रजीत हे रूप ‘आत्ता’साठी फारच कमी वापरले जाते. सवयी, नेहमीची कामे आणि सार्वकालिक सत्ये सांगणे हे त्याचे मुख्य काम. मराठीत ‘तू काय करतोस?’ हा प्रश्न नोकरीधंद्याबद्दल असू शकतो, किंवा समोरच्याच्या हातातल्या कामाबद्दलही असू शकतो. संदर्भावरून अर्थ लागतो. इंग्रजीत मात्र ‘व्हॉट डू यू डू?’ म्हणजे व्यवसाय, आणि ‘व्हॉट आर यू डूइंग?’ म्हणजे या क्षणी काय चालले आहे ते. क्रिकेटच्या धावत्या समालोचनात आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यात साधा वर्तमानकाळ ताज्या घटनेसाठी येतो, पण ती त्या त्या प्रकारच्या लेखनाची आणि बोलण्याची रीत आहे. एरवीच्या बोलण्यात ती नेऊ नये.

तृतीय पुरुषी एकवचनाचा ‘एस’ गळणे ही या काळातली सर्वांत ठळक चूक. ‘शी वर्क इन अ बँक’ असे चांगले शिकलेले लोकही बोलून जातात. मराठीत ‘करतो, करतेस, करते, करतात’ अशी रूपे प्रत्येक कर्त्याप्रमाणे बदलतात आणि तिथे कोणी चुकत नाही. इंग्रजीत हा बदल एकाच जागी उरला आहे, आणि बाकी सगळीकडे क्रियापद तसेच राहत असल्याने ती एक जागा लक्षातून निसटते. प्रश्न आणि नकार करताना तो ‘एस’ ‘डू’वर जातो आणि ‘डज’ होतो. मग मूळ क्रियापदाला तो पुन्हा लावायचा नाही. ‘डज शी वर्क?’ बरोबर, ‘डज शी वर्क्स?’ चूक.

चालू वर्तमानकाळाचा भारतीय इंग्रजीत अतिवापर होतो. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’, ‘ही इज नोइंग मराठी’ ही त्याची नेहमी ऐकू येणारी उदाहरणे. इंग्रजीत ‘आयएनजी’चे रूप ज्या क्रियेला वाटचाल असते तिला लागते: धावणे, लिहिणे, जेवणे. माहीत असणे, मालकीचे असणे, आवडणे, समजणे, वाटणे या स्थिती आहेत. त्या घडत नाहीत, असतात. क्रियापदांच्या अर्थातला हा भेद झेनो वेंडलर या तत्त्वज्ञाने १९५७ साली एका निबंधात नीट मांडला आणि आजही भाषाविज्ञानात तो पायाभूत मानला जातो. मराठीत ‘मला समजत नाहीये’, ‘मला आठवत नाहीये’ अशी चालू रूपे सहज चालतात. त्यांचा साचा इंग्रजीवर चढला की ‘नॉट अंडरस्टँडिंग’ तयार होते. इथे ‘आय डोन्ट अंडरस्टँड’ आणि ‘आय डोन्ट रिमेंबर’ हेच हवे.

एकच क्रियापद कधी स्थिती दाखवते, कधी क्रिया. ‘आय थिंक ही इज राइट’ म्हणजे माझे मत असे आहे. ‘आय ॲम थिंकिंग अबाउट इट’ म्हणजे डोक्यात विचार चालू आहे. ‘वी हॅव अ कार’ ही मालकी, पण ‘वी आर हॅविंग लंच’ ही जेवणाची क्रिया, म्हणून तिथे ‘हॅविंग’ बरोबर आहे. तेव्हा ‘या क्रियापदांना आयएनजी कधीच लागत नाही’ अशी यादी पाठ करण्यापेक्षा वाक्यात स्थिती आहे की कृती, हे पाहणे अधिक भरवशाचे.

आता पूर्ण वर्तमानकाळ. इंग्रजी काळांतला हा सर्वांत अवघड भाग आहे आणि त्यावर थांबून विचार केला तर इतर अनेक गोष्टी आपोआप सुटतात. हान्स रायकेनबाख या तत्त्वज्ञाने १९४७ साली तर्कशास्त्रावरच्या आपल्या पुस्तकात काळांची फार उपयुक्त मांडणी केली. वाक्यातला काळ समजायला त्याने तीन क्षण धरले: बोलण्याचा क्षण, क्रिया घडल्याचा क्षण, आणि जिथे उभे राहून बोलणारा त्या क्रियेकडे पाहतो तो क्षण. ‘आय लॉस्ट माय की’ या वाक्यात बोलणारा मनाने भूतकाळात जाऊन उभा आहे. किल्ली तेव्हा हरवली, नंतर सापडलीही असेल. ‘आय हॅव लॉस्ट माय की’ म्हणताना तो आजमध्ये उभा आहे. किल्ली हरवली पूर्वीच, पण सांगायची आहे ती आताची अवस्था: तो दाराबाहेर अडकला आहे. क्रिया दोन्हीकडे भूतकाळातलीच. बदलते ती पाहण्याची जागा.

म्हणूनच ‘यस्टर्डे’, ‘लास्ट इयर’, ‘इन २०१९’, ‘टू डेज अगो’ हे शब्द पूर्ण वर्तमानकाळाबरोबर बसत नाहीत. ते ऐकणाऱ्याला भूतकाळातल्या नेमक्या जागी नेऊन उभे करतात, आणि ‘हॅव’ मात्र त्याला आजमध्ये उभे राहायला सांगते. मराठीला हा विरोध जाणवत नाही. ‘मी हा सिनेमा गेल्याच आठवड्यात पाहिला आहे’ हे निर्दोष मराठी वाक्य आहे. इंग्रजीत त्याचे ‘आय सॉ धिस फिल्म लास्ट वीक’ करावे लागते, किंवा वेळ गाळून ‘आय हॅव सीन धिस फिल्म’ म्हणावे लागते. दोन्ही एकत्र येत नाहीत.

इंग्रजी बातमीत हा भेद स्पष्ट दिसतो. चांद्रयान-३ चंद्रावर उतरले ते २३ ऑगस्ट २०२३ रोजी. त्या संध्याकाळी घटना जाहीर करणारे स्वाभाविक इंग्रजी वाक्य ‘चांद्रयान-३ हॅज लँडेड ऑन द मून’ हे आहे: नवी अवस्था, तिचा आजशी संबंध. त्याच बातमीच्या पुढच्या वाक्यांत वेळ, जागा आणि तपशील येऊ लागले की काळ बदलतो आणि ‘इट टच्ड डाउन ॲट…’ असा साधा भूतकाळ सुरू होतो. आज त्या घटनेबद्दल तारखेसह लिहायचे तर ‘लँडेड ऑन २३ ऑगस्ट २०२३’ एवढेच शक्य आहे. बातमी फोडायला पूर्ण वर्तमान आणि सांगायला साधा भूत, ही इंग्रजी वृत्तलेखनाची जोडी ओळखता आली की वर्तमानपत्र वाचतानाच सराव होतो.

पूर्ण वर्तमानकाळाचा आजशी असलेला संबंध कर्त्यालाही लागू होतो. सचिन तेंडुलकर निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी ‘सचिन हॅज स्कोअर्ड अ हंड्रेड इंटरनॅशनल सेंच्युरीज’ असे म्हणता येते, कारण तो आज आहे आणि विक्रम त्याच्या नावावर आहे. लता मंगेशकर यांचे ६ फेब्रुवारी २०२२ रोजी निधन झाले. त्यांच्याबद्दल ‘लता मंगेशकर हॅज संग इन मेनी लँग्वेजेस’ हे वाक्य इंग्रजी कानाला आता खटकते. ‘सँग’ म्हणावे लागते. मराठीत मात्र ‘लतादीदींनी अनेक भाषांत गाणी गायली आहेत’ असे आजही कोणी सहज म्हणेल. पूर्ण वर्तमानकाळ म्हणजे नुसती ‘पूर्ण झालेली क्रिया’ ही व्याख्या किती अपुरी आहे हे इथे कळते.

तीच व्याख्या दुसऱ्या टोकालाही तोकडी पडते, कारण अजून न संपलेल्या गोष्टींसाठीही इंग्रजीत हाच काळ लागतो. ‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो’ हे मराठीत साधे वर्तमान आहे. त्याचे शब्दशः इंग्रजी ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’ असे होते आणि त्यात दोन चुका असतात. एक, भूतकाळात सुरू होऊन आजपर्यंत आलेल्या अवस्थेला इंग्रजीत ‘हॅव’ हवेच: ‘आय हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग’. दुसरी, ‘सिन्स’ची. मराठीतला ‘पासून’ सकाळपासूनही चालतो आणि तीन तासांपासूनही. इंग्रजी हे काम दोन शब्दांत वाटून देते: सुरुवातीचा बिंदू असेल तर ‘सिन्स’, कालावधी असेल तर ‘फॉर’. ‘सिन्स मॉर्निंग’, ‘सिन्स २०२०’, पण ‘फॉर थ्री अवर्स’, ‘फॉर फाइव्ह इयर्स’. ‘आय ॲम हिअर फॉर टू इयर्स’ असे म्हटले तर ऐकणारा वेगळेच समजतो: या माणसाचा मुक्काम एकूण दोन वर्षांचा आहे. मराठीत ‘राहत आलो आहे’ असे ‘हॅव बीन लिव्हिंग’ला जवळचे रूप आहे, पण रोजच्या बोलण्यात त्याला फारसे कोणी हात लावत नाही, म्हणून त्याची आठवण मदतीला येत नाही.

काही ठिकाणी मात्र मराठी नेमकी वाट दाखवते. ‘तो नाशिकला गेला आहे’ म्हणजे ‘ही हॅज गॉन टू नाशिक’, तो अजून तिथेच आहे. ‘तो नाशिकला जाऊन आला आहे’ म्हणजे ‘ही हॅज बीन टू नाशिक’. ‘गॉन’ आणि ‘बीन’ यांत गोंधळणाऱ्याने आधी मराठी वाक्य मनात म्हणून पाहावे. एक सूचना अमेरिकी इंग्रजीबद्दल: ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘यट’ या शब्दांबरोबर ब्रिटिश वळण पूर्ण वर्तमानकाळाचे आहे, तर अमेरिकी बोलण्यात साधा भूतकाळही सर्रास चालतो. ‘डिड यू ईट यट?’ ही तिथे चूक नाही.

साध्या भूतकाळात अर्थाची अडचण थोडी, रूपाची जास्त. इंग्रजीत अनियमित क्रियापदे सुमारे २०० आहेत आणि बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, नो, थिंक, टेक ही रोज लागणारी क्रियापदे सगळीच त्यांत येतात. यांना पाठांतराशिवाय उपाय नाही. ‘ही डिड नॉट वेन्ट’ ही चूक मात्र मराठीतून येते. ‘तो गेला’ याचा नकार ‘तो गेला नाही’. भूतकाळाचे रूप नकारातही तसेच राहते. इंग्रजीत भूतकाळ ‘डू’वर सरकतो, ‘डिड’ होतो, आणि मूळ क्रियापद रिकामे होऊन ‘गो’ उरते. वर ‘डज’बद्दल सांगितलेलाच हा नियम आहे.

चालू भूतकाळ बहुतांशी मराठीसारखाच चालतो. ‘फोन वाजला तेव्हा मी स्वयंपाक करत होते’ आणि ‘आय वॉज कुकिंग व्हेन द फोन रँग’ यांत अडण्यासारखे काही नाही. फक्त मराठीचे ‘जात होतो’ जुन्या सवयीसाठीही वापरले जाते: ‘लहानपणी आम्ही शाळेत चालत जात होतो’. तिथे ‘वी वेअर वॉकिंग’ चालत नाही. ‘जायचो’ किंवा ‘जात असू’ असा अर्थ असेल तर ‘वी यूज्ड टू वॉक’ किंवा नुसते ‘वी वॉक्ट’. आणि ‘यूज्ड टू’ फक्त भूतकाळापुरते आहे. आजच्या सवयीसाठी ‘आय यूज टू गेट अप ॲट फाइव्ह’ म्हणणारे बरेच भेटतात. तिथे ‘आय गेट अप ॲट फाइव्ह’ पुरेसे आहे.

भारतात सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत कमी लक्षात येणारी चूक पूर्ण भूतकाळाची आहे. ‘मी काल मुंबईला गेलो होतो’ हे मराठीत अगदी स्वाभाविक आहे. गेलो, काम झाले, परत आलो, तो विषय मिटला, हे ‘होतो’ सुचवते. तेच वळण घेऊन ‘आय हॅड गॉन टू मुंबई यस्टर्डे’ असे बोलले आणि कार्यालयीन पत्रांत लिहिलेही जाते. इंग्रजी वाचक ‘हॅड’ दिसताच पुढच्या घटनेची वाट पाहू लागतो. रायकेनबाखच्या भाषेत, पाहण्याची जागा भूतकाळात आहे आणि क्रिया तिच्याही मागे. म्हणजे दोन भूतकालीन गोष्टी हव्यात: ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’. पोहोचणे झाले, आणि सुटणे त्याच्याही आधी झाले. दुसरी घटना सांगायची नसेल तर ‘आय वेंट टू मुंबई यस्टर्डे’ एवढेच म्हणावे. ‘आय हॅड सेंट यू अ मेल ऑन मंडे’ असे पत्र लिहिणाऱ्याने तो ‘हॅड’ काढून टाकला तर वाक्य लगेच सरळ होते.

भविष्याच्या बाबतीत मराठी आणि इंग्रजी एकमेकांच्या फार जवळ येतात, आणि पुस्तके याचा फायदा क्वचितच घेतात. ‘मी जाईन’ म्हणजे ‘आय विल गो’: अंदाज, वचन किंवा त्या क्षणी घेतलेला निर्णय. ‘मी जाणार आहे’ म्हणजे ‘आय ॲम गोइंग टू गो’: आधी ठरलेला बेत. ‘मी उद्या जातोय’ म्हणजे ‘आय ॲम गोइंग टुमॉरो’: व्यवस्था झालेली, तिकीट खिशात. ‘डेक्कन क्वीन सकाळी पुण्याहून सुटते’ हे वेळापत्रकाचे वाक्य दोन्ही भाषांत साध्या वर्तमानात येते. ‘शॅल’ची काळजी आता फारशी करावी लागत नाही. ‘आय’ आणि ‘वी’ यांच्याबरोबर ‘शॅल’ हा नियम जॉन वॉलिस याने १६५३ सालच्या आपल्या लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात घातला आणि शालेय पुस्तकांनी तो शतकानुशतके चालवला. आजच्या वापरात ‘शॅल’ मुख्यतः ‘शॅल आय ओपन द विंडो?’ अशा विचारणेत आणि कायद्याच्या भाषेत उरला आहे.

जवळीक संपते ती अगदी तातडीच्या भविष्यात. घरात फोन वाजतो आणि कोणी म्हणते, ‘मी घेतो’. इंग्रजीत तिथे ‘आय टेक’ नव्हे, ‘आयल गेट इट’. दारात उभ्या असलेल्याला आतून उत्तर येते, ‘आलोच!’ रूप भूतकाळाचे, माणूस अजून चप्पल शोधतोय. इंग्रजीत याला ‘आय ॲम कमिंग’ म्हणतात. ‘आय केम’ म्हटले तर तो येऊन पोहोचला असेल.

‘जेव्हा’ आणि ‘जर’ यांच्या वाक्यांत इंग्रजीचा नियम कडक आहे. ‘तो येईल तेव्हा मी सांगेन’ यात मराठी दोन्हीकडे भविष्यकाळ वापरते. म्हणून ‘व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम’ ही चूक होते. इंग्रजी मुख्य वाक्यात एकदा भविष्य सांगते आणि ‘व्हेन’, ‘इफ’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अंटिल’ यांच्या पोटवाक्यात वर्तमानकाळ ठेवते: ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम’. मराठीलाही पोटवाक्यात भविष्य टाळणे अपरिचित नाही. ‘तो आला की सांगेन’ असे आपण म्हणतोच, आणि तिथे तर चक्क भूतकाळाचे रूप असते.

दुसऱ्याचे बोलणे सांगताना मराठी मूळ वाक्य जवळजवळ जसेच्या तसे ठेवते: ‘तो म्हणाला की मी येतोय’. इंग्रजीत सांगणाऱ्याच्या जागेवरून सगळे बदलते: ‘ही सेड दॅट ही वॉज कमिंग’. ‘सेड’ भूतकाळात असल्याने पुढचे क्रियापद एक पाऊल मागे सरते: ‘इज’चा ‘वॉज’, ‘विल’चा ‘वुड’, ‘हॅव’चा ‘हॅड’. गोष्ट आजही खरी असेल तर मागे सरकवणे सक्तीचे नाही. ‘द टीचर सेड दॅट द अर्थ गोज राउंड द सन’ हेच अधिक स्वाभाविक वाटते.

शेवटी भूतकाळाच्या रूपाचे आणखी एक काम, ज्यात भूतकाळाचा काही संबंध नसतो. ‘इफ आय न्यू हिज नंबर, आय वुड कॉल हिम’ यातला ‘न्यू’ कालचा नाही. नंबर आत्ता माहीत नाही, आणि वस्तुस्थितीपासूनचे हे अंतर दाखवायला भूतकाळाचे रूप वापरले आहे. नंबर तेव्हा माहीत नव्हता असे सांगायचे तर आणखी एक पाऊल मागे जावे लागते: ‘इफ आय हॅड नोन हिज नंबर, आय वुड हॅव कॉल्ड हिम’. मराठीत ‘नंबर माहीत असता तर फोन केला असता’ हे एकच वाक्य दोन्ही वेळांना पुरते, म्हणून इंग्रजीत लिहिताना आधी ठरवावे लागते: आत्ताबद्दल बोलायचे आहे, की तेव्हाबद्दल. ‘इफ’च्या भागात ‘वुड’ घालण्याचा मोह इथे बऱ्याच जणांना होतो. ‘वुड’ची जागा सामान्यतः दुसऱ्या भागातच आहे. ‘आय विश आय न्यू’ आणि ‘इट्स टाइम वी लेफ्ट’ यांतही हीच रीत आहे. दोन्हींचा अर्थ आत्ताचाच.

अंतर ठेवण्यासाठी भूतकाळाचे रूप आणखी एका कामाला येते, ते सौजन्याच्या. कार्यालयात वरिष्ठांच्या टेबलाशी जाऊन इंग्रज माणूस ‘आय वॉन्ट टू आस्क’ म्हणण्याऐवजी ‘आय वॉन्टेड टू आस्क यू समथिंग’ किंवा ‘आय वॉज वंडरिंग इफ…’ म्हणतो. इच्छा त्याच क्षणाची असते, रूप भूतकाळाचे. मराठी कारकूनही त्याच टेबलाशी ‘साहेब, जरा विचारायचं होतं’ असेच म्हणतो. इथे मराठी वळण जसेच्या तसे इंग्रजीत नेले तरी बरोबरच ठरते.